झारला बोल्शेविकांनी गादीवरून खाली खेचलं?

‘ऑक्टोबर क्रांतीत बोल्शेविकांनी हिवाळी राजवाड्यावर हल्ला करून झारची सत्ता उलथवली’ हे रशियाबद्दलचं वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. (झार म्हणजे रशियाचा सम्राट, आणि बोल्शेविक म्हणजे लेनिनचा कम्युनिस्ट पक्ष.) त्यात दोन वेगळ्या घटना एक झाल्या आहेत, आणि शाळेत हा धडा दोन ओळींत उरकला जात असल्याने गोंधळ होणं साहजिकच आहे.

झारशाही कोसळली ती मार्च १९१७ मध्ये. ८ मार्चला, महिला दिनी, पेट्रोग्राडच्या, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतल्या, कापड गिरण्यांतल्या बायका पाव मागत रस्त्यावर उतरल्या. चार दिवसांत शहरातलं सैन्यच उलटलं. १५ मार्चला प्स्कोव्ह इथे रेल्वेच्या डब्यात बसून झारने पदत्यागावर सही केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावानेही गादी नाकारली. बोल्शेविकांचे प्रमुख नेते लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होते! सुरुवात त्या गिरणीकामगार बायकांनी केली, आणि नेमकी त्यांचीच आठवण पुसली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मग बोल्शेविकांनी नोव्हेंबरमध्ये (जुन्या रशियन दिनदर्शिकेनुसार ऑक्टोबरमध्ये) पाडलं ते कुणाला? झारनंतर आलेल्या हंगामी सरकारला. पदच्युत झार तेव्हा दूर सैबेरियात, तोबोल्स्कला नजरकैदेत होता.

पडताळायचं असेल तर पदत्यागाची तारीख आणि राजवाडा घेतल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. मध्ये जवळपास आठ महिने दिसतील. फक्त एक सांभाळा: रशियाची जुनी दिनदर्शिका १३ दिवस मागे होती. म्हणून काही पुस्तकांत हाच पदत्याग २ मार्चला, आणि ७ नोव्हेंबरची क्रांती २५ ऑक्टोबरला सापडते.