बाहुल्या, रंगखडू आणि एक खटला: सर्वसमावेशक पाळणाघराची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या परवानाधारक घरगुती पाळणाघरात आज वेगवेगळ्या वर्णांच्या बाहुल्या, दोन-तीन भाषांतली चित्रपुस्तके, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मुलाचे चित्र असे सामान असणे अपेक्षित धरले जाते. ते तिथे सहज आलेले नाही. त्यामागे बरीच भांडणे आहेत आणि एक सर्वोच्च न्यायालयातला खटलाही.

सुरुवात खरे तर नेमकी उलट होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कसारख्या शहरांत स्थलांतरित कष्टकरी आयांच्या मुलांसाठी चालणाऱ्या धर्मादाय पाळणाघरांचा हेतू उघड होता: मुलाला इंग्रजी शिकवायचे, ‘अमेरिकी’ खाणेपिणे आणि टापटीप लावायची, आणि जमल्यास त्याच्यामार्फत आईलाही सुधारायचे. आदिवासी मुलांच्या वाट्याला याचे सर्वांत क्रूर रूप आले. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या कार्लाइलच्या निवासी शाळेत मुलांचे केस कापले जात, कपडे आणि नावे बदलली जात, मातृभाषा बोलायला बंदी असे. कृष्णवर्णीय मुलांना तर अनेक पाळणाघरांत प्रवेशच नव्हता. म्हणून 1896 मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय महिलांच्या राष्ट्रीय संघटनेशी जोडलेल्या महिला मंडळांनी स्वतःची पाळणाघरे काढली.

बाहुल्या या गोष्टीत येतात त्या मेमी आणि केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यामुळे. मेमी यांनी हॉवर्ड विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी सुरू केलेल्या कामातून पुढचे प्रयोग उभे राहिले. 3 ते 7 वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांसमोर त्यांनी चार बाहुल्या ठेवल्या. वर्ण आणि केस सोडले तर साऱ्या सारख्याच. चांगली कोणती, वाईट दिसणारी कोणती, खेळायला कोणती हवी, तुझ्यासारखी कोणती, असे प्रश्न होते. सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. हा अभ्यास 1947 मध्ये छापून आला आणि शाळांमधले वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयातल्या 1954 च्या ब्राउन खटल्याच्या निकालात केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाचा तळटिपेत उल्लेख झाला.

त्या अभ्यासातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. गोरी बाहुली मागणाऱ्या मुलांचे प्रमाण दक्षिणेतल्या विभक्त शाळांपेक्षा उत्तरेतल्या मिश्र शाळांत जास्त होते. विभाजनाविरुद्ध लढणाऱ्या वकिलांना हा आकडा अडचणीचा होता, विरुद्ध बाजूने तो वापरलाही. पाळणाघर चालवणाऱ्यांना मात्र तोच सर्वांत उपयोगाचा वाटायला हवा. मुलांना एका खोलीत एकत्र बसवले म्हणजे काम झाले असे नाही. खोलीतल्या वस्तूही मुलांना काही सांगत असतात.

आणि वस्तू काय सांगत होत्या? क्रेयोला या अमेरिकी कंपनीच्या रंगखडूंच्या पेटीत गोऱ्या कातडीच्या रंगाचा खडू ‘फ्लेश’ म्हणजे सरळ ‘त्वचा’ या नावाने मिळायचा. 1962 मध्ये त्याचे नाव ‘पीच’ झाले. 1965 मध्ये शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांत निघालेली 5,206 बालपुस्तके तपासली. कृष्णवर्णीय व्यक्ती शब्दांत किंवा चित्रांत असलेली पुस्तके 6.7 टक्के भरली. 1968 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये शिंदाना ही कृष्णवर्णीयांनी चालवलेली खेळण्यांची कंपनी उभी राहिली. तोवर बाजारात ‘काळी बाहुली’ म्हणजे बहुधा गोऱ्याच चेहऱ्याला दिलेला गडद रंग.

पुढची दोन दशके शाळांनी यावर सोपा उपाय शोधला: सणवार. एक दिवस चिनी नववर्ष, एक दिवस मेक्सिकन मेजवानी, की पुन्हा नेहमीचा वर्ग सुरू. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ओक्स महाविद्यालयाशी संबंधित लुईस डर्मन-स्पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 च्या आपल्या मार्गदर्शिकेत याला ‘पर्यटकी अभ्यासक्रम’ म्हणून झोडपले. त्यांनी मांडलेली उद्दिष्टे चार: मुलाला स्वतःबद्दल खात्री वाटावी, वेगळेपणाशी मोकळेपणाने वागता यावे, अन्याय ओळखता यावा आणि त्याविरुद्ध बोलता यावे. पहिल्या दोहोंवर फारसे कोणी भांडत नाही. वाद पेटतो तो उरलेल्या दोन उद्दिष्टांवरून. 2023 मध्ये अलाबामात बालशिक्षणाच्या एका शिक्षकोपयोगी पुस्तकातल्या वंशभेदविषयक मजकुरावरून गव्हर्नरांनी पुस्तक मागे घ्यायला लावले आणि बालशिक्षण विभागाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.

हे सारे घडले वर्गखोल्या डोळ्यांसमोर ठेवून. घरगुती पाळणाघरापर्यंत ते पोचले मुख्यतः तपासणीच्या वाटेने. अपंगत्वाच्या आधारे भेदभाव करण्यास बंदी घालणारा 1990 चा कायदा घरात चालणाऱ्या पाळणाघरांनाही लागू झाला. घरगुती पाळणाघरांचा दर्जा मोजणाऱ्या 2007 च्या सुधारित मूल्यमापन श्रेणीत विविधतेच्या स्वीकाराला स्वतंत्र कलम होते आणि निरीक्षक त्यावर 1 ते 7 गुण देत. यामुळे फायदा झाला हे खरे, पण बाहुल्या मोजण्याची सवयही लागली. वर्गखोली निदान तटस्थ असल्याचा आव आणू शकते. घराला तेही जमत नाही. भिंतीवर पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचे देव किंवा क्रूस असतो, स्वयंपाकाचा वास असतो, घरातली माणसे आपल्या भाषेत बोलत असतात.

यात तोटा आहे तसे बळही आहे. भाषातज्ज्ञ लिली वाँग फिलमोर यांनी 1991 मध्ये हजाराहून अधिक स्थलांतरित आणि आदिवासी कुटुंबांची पाहणी मांडली. इंग्रजी बालवाडीत लवकर गेलेली मुले घरची भाषा झपाट्याने सोडत होती, काहींचा आईवडिलांशी संवादच तुटत चालला होता. मुलाच्याच भाषेत बोलणाऱ्या ताईंचे पाळणाघर ही गळती थांबवू शकते, मग शेल्फवर चार बाहुल्या कमी का असेनात.

घरगुती पाळणाघराच्या दृष्टीने मला सर्वांत जवळचे वाटते ते बालशिक्षणतज्ज्ञ जॅनेट गोंझालेझ-मेना यांचे काम. 1990 च्या दशकात त्यांनी बोट ठेवले ते भरवणे, झोपवणे, शी-शूची सवय लावणे यांवर. एक आई म्हणते, दोन वर्षांच्या मुलाने हाताने सांडत का होईना, स्वतः खावे. दुसरी म्हणते, भरवणे हीच माया. दोघींची मुले एकाच ताईंच्या मांडीवर. इथे चित्रे लावून काही सुटत नाही, बोलूनच ठरवावे लागते. आणि सगळेच बोलून ठरत नाही. बाळाला उताणे झोपवण्याची देशव्यापी मोहीम 1994 मध्ये सुरू झाली आणि पुढे ती परवान्याच्या अटींमध्ये उतरली. आपल्या बाळाला कुशीत घेऊन किंवा पालथे झोपवा, असा एखाद्या घरचा आग्रह असला, तरी ताईंना तो मान्य करता येत नाही.