कुपीत कोळ्यासोबत चिठ्ठीही हवी

नाव मिळालेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ साली ५०,००० चा टप्पा ओलांडला. तरी त्यातली एखादी जात नेमकी कुठवर पसरली आहे, कोणत्या महिन्यात प्रौढ होते, हे बऱ्याचदा ठाऊक नसतं. मोजके संशोधक सगळीकडे पोहोचू शकत नाहीत, म्हणून हौशी निरीक्षकाची नीट केलेली नोंद त्यांच्या खरोखर उपयोगी पडते.

बहुतेक लोक कोळ्याचा फोटो फक्त वरून काढतात. त्यावरून फारसं कळत नाही. आधी समोरून चेहरा टिपावा, कारण डोळ्यांच्या मांडणीवरून कुळ ओळखता येतं: उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे मधले दोन डोळे ठळक मोठे असतात, तर लांडगा कोळ्याचे डोळे चार, दोन, दोन अशा तीन रांगांत असतात. मग कोळी पारदर्शक डबीत घेऊन पोटाकडून फोटो काढावा. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवीच.

जात मात्र बहुतेक वेळा जननेंद्रियांवरूनच ठरते. मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला, एपिजाईन नावाचा कडक भाग असतो. नराच्या तोंडाजवळच्या दोन पॅल्पची, म्हणजे छोट्या पायांसारख्या अवयवांची, टोकं फुगीर असतात. इथे एक फसगत होते. शेवटची कात टाकायची बाकी असलेल्या नराचे पॅल्पही फुगलेले असतात, पण ते गुळगुळीत दिसतात. भिंगातून त्यांवर वळणं आणि काटे उघडे दिसले, तरच तो प्रौढ. पिल्लू असेल तर कुळ किंवा प्रजाती (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पातळी) इथेच थांबावं. अंदाजाने जातीचं नाव ठोकून दिलं की ती चूक पुढे नकाशांत शिरते.

नमुना ठेवायचा तो संशोधकाने मागितला असेल आणि कायद्याने परवानगी असेल तरच. कोळ्याचं मऊ पोट वाळलं की आक्रसतं, म्हणून तो ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवतात. भुंगेरे कोरडेच, उजव्या पंखकवचातून टाचणी घालून ठेवतात. पतंग इथेनॉलमध्ये कधीच बुडवू नये, पंखांवरचे खवले निघून जातात. डीएनए हवा असेल तर ९५ टक्के इथेनॉल आणि थंड जागा लागते, पण त्यात नमुना ठिसूळ होऊन पाय तुटतात. कुपी नमुन्यांनी खच्चून भरू नये. त्यांच्या अंगातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होतं आणि नमुने कुजू लागतात, म्हणून एका दिवसाने ते बदलावं.

आता चिठ्ठी. ती कुपीच्या आतच हवी, जाड कागदावर पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते, आणि बाहेर चिकटवलेलं लेबल गळालेल्या थेंबांनी पुसलं जातं किंवा निघून येतं. महिना अक्षरांत लिहावा, कारण ०५-०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. अक्षांश-रेखांश दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत पुरेत. तेवढ्याने सुमारे ११ मीटरपर्यंतची जागा कळते. जागेचं नाव शब्दांतही द्यावं. एक आकडा चुकला की ठिकाण समुद्रात जातं, आणि ती चूक सापडते ती त्या शब्दांमुळेच. कोणी गोळा केला, दगडाखाली की पानावर, हेही लिहावं. झाडाची ओळख पटत असेल तर तिचीही नोंद करावी, पानं खाणाऱ्या कीटकांच्या बाबतीत तर आवर्जून.

किती वेळ शोधलं हे मात्र बहुतेक जण लिहायला विसरतात. अर्ध्या तासात काहीच सापडलं नाही, तरी वेळ, जागा आणि हवामानासह तशी नोंद करावी; ती नसेल तर पुढच्या वर्षी कोळी खरंच घटले की शोधच कमी झाला, हे ठरवता येत नाही.