खाच-खुंटी रचना (विद्युत् जोडण्यांतील)

प्लग व सॉकेट यांसारख्या विद्युत् जोडणीचे दोन भाग एकाच ठरलेल्या स्थितीत आणि ठरलेल्या जोडीदाराशीच बसावेत, म्हणून त्यांच्या आकारातच केलेली योजना. एका भागावर खुंटी, कंगोरा किंवा वेगळ्या जाडीची पिन असते आणि समोरच्या भागात तिला सामावणारी खाच असते. कारखान्यांत व दुरुस्तीच्या दुकानांत हिला ‘की’ आणि ‘की-वे’ म्हणतात. यंत्राच्या फिरत्या दंडावर (शाफ्टवर) चाक पक्के बसवण्यासाठी फिटर जी ‘की’ ठोकतो, तिच्यावरूनच बहुधा हे नाव विजेच्या कामात आले असावे.

या रचनेकडून तीन कामांची अपेक्षा असते. जोडणी उलटी बसू नये, दुसऱ्याच व्होल्टेजच्या किंवा दुसऱ्याच कामाच्या जोडणीत शिरू नये आणि आतले संपर्क ठरलेल्या क्रमाने जुळावेत. रंग, बाण व अक्षरे माणसाला सूचना देतात, पण हात चुकला तर त्याला अडवू शकत नाहीत. म्हणून या नोंदीत त्यांचा विचार दुय्यम धरला आहे.

उगम : घरगुती विजेच्या आरंभीच्या काळात वीज मुख्यतः दिव्यासाठी घेतली जाई आणि इतर उपकरणे दिव्याच्या होल्डरलाच लावली जात. अमेरिकेत हार्वे हबल यांनी १९०४ मध्ये सुट्या होणाऱ्या प्लगचे पेटंट घेतले. त्यामुळे वायरीला पीळ न देता उपकरण लावता-काढता येऊ लागले. दोनच तारा असताना प्लग उलटा बसला तरी उपकरण चालते, त्यामुळे खाच-खुंटीची निकड तेव्हा फारशी जाणवली नसावी. अर्थची तिसरी तार आल्यावर मात्र प्रश्न गंभीर झाला, कारण ती तार चुकून फेजला लागली तर उपकरणाचा धातूचा सांगाडाच जिवंत होतो, म्हणजे त्याला हात लावताच शॉक बसतो.

तीन पिनांचा अर्थयुक्त प्लग प्रथम कोणी केला, याविषयी एकमत नाही. अमेरिकन लेखनात हा मान बहुधा फिलिप लाब्रे यांना दिला जातो. त्यांचे पेटंट १९२८ चे आहे. जर्मन परंपरा आल्बेर्ट ब्युटनर यांच्या ‘शुको’ प्लगकडे बोट दाखवते. त्याचे पेटंट १९२६ च्या सुमाराचे. परंतु लंडनच्या ए. पी. लुंडबर्ग अँड सन्स या कंपनीचा ‘ट्रायपिन’ हा प्लग १९११ पर्यंत अडीच व पाच अँपिअर अशा दोन मापांत बाजारात आला होता आणि त्याच्या पिनांची मांडणी आजच्या भारतीय थ्री पिन प्लगशी जवळजवळ तंतोतंत जुळते. पेटंटवर तारीख असते, दुकानात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर ती नसते. लाब्रे यांचे नाव पुढे राहण्याचे हेही एक कारण संभवते. त्रिकोणी मांडणीपुरते बोलायचे तर लंडनचा दावा अधिक सबळ वाटतो. शुकोची शाखा वेगळीच मानावी लागेल. त्यात अर्थचा संपर्क दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी होतो, म्हणून अर्थ कधी चुकत नाही. पण प्लग दोन्ही अंगांनी बसतो आणि फेज-न्यूट्रलची अदलाबदल होऊ शकते. म्हणजे खाच-खुंटीच्या दृष्टीने ती अर्धीच रचना आहे. फ्रान्समध्ये सॉकेटमधूनच अर्थची पिन बाहेर काढून प्लगची स्थिती एकच केली गेली.

भारतीय थ्री पिन प्लग : ब्रिटनमध्ये १९३४ साली ‘बीएस ५४६’ हे मानक आले आणि ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांत त्याच पद्धतीचे प्लग रुळले. ब्रिटनने १९४७ मध्ये चपट्या पिनांचे ‘बीएस १३६३’ हे नवे मानक काढून हळूहळू जुने सोडले. भारतात मात्र गोल पिनांची पद्धत टिकली आणि आज ती ‘आयएस १२९३’ या मानकाखाली ६ व १६ अँपिअर अशा दोन मापांत चालते. लोकांच्या तोंडी अजून ‘पाच अँपिअर’ आणि ‘पंधरा अँपिअर’ हीच नावे आहेत.

लहान प्लगमध्ये फेज व न्यूट्रलच्या पिनांत सुमारे १९ मिमी अंतर असते आणि त्या दोघींना जोडणाऱ्या रेषेपासून अर्थची पिन सुमारे २२ मिमी वर असते. हा त्रिकोण समद्विभुज आहे, समभुज नाही. त्यामुळे प्लग कितीही फिरवला तरी तीनही पिना एकदम फक्त एकाच स्थितीत आत जातात. मग अर्थची पिन जाड कशासाठी? प्लग तिरपा धरून एकच पिन एखाद्या भोकात घालता येते. अर्थची पिन फेजच्या भोकात टेकली तर तेवढ्याने उपकरणाचा सांगाडा जिवंत होईल. जाड पिन त्या बारीक भोकात शिरतच नाही. जाडीचे खरे काम हेच असावे. शालेय पुस्तकांत व गाइडांत मात्र ‘जाडी वाढली की रोध कमी होतो’ असे कारण सर्रास दिलेले आढळते. सूत्र बरोबर आहे, पण दोन सेंटिमीटर पितळेचा रोध पुढच्या मीटर-दीड मीटर वायरीच्या मानाने नगण्य असतो आणि त्या वायरीतली अर्थची तार काही जाड नसते. पिढ्यान् पिढ्या मुले हे उत्तर लिहून गुण मिळवत आली आणि एका सुंदर भूमितीकडे त्यांचे लक्षच गेले नाही, याची खंत वाटते.

लांबीचे कारण निर्विवाद आहे. फेज-न्यूट्रलच्या पिना सुमारे १५ मिमी, तर अर्थची सुमारे २० मिमी असते, त्यामुळे लावताना अर्थ आधी जुळतो आणि काढताना शेवटी सुटतो. पिनांच्या टोकाला असलेली उभी चीर गरम झाल्यावर प्रसरणाला जागा मिळावी म्हणून असते, असेही सांगितले जाते. चिरेमुळे पिनेला स्प्रिंगसारखा ताण येतो व ती सॉकेटच्या नळीत घट्ट बसते, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

दोन मापे एकमेकांत शिरू नयेत हे काम प्रामुख्याने अंतरावर सोपवले आहे. लहान प्लगची अर्थ पिन आणि मोठ्या प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिना या दोन्ही सुमारे ७ मिमी जाडीच्या आहेत, म्हणून नुसत्या जाडीने भागले नसते. मोठ्या प्लगमध्ये फेज-न्यूट्रलमधले अंतर सुमारे २५ मिमी ठेवल्यामुळे गिझरचा प्लग पंख्याच्या सॉकेटमध्ये जात नाही. अलीकडे ६ आणि १६ अँपिअरचे दोन्ही प्लग घेणारी जोडसॉकेट घरोघर बसवली जातात. त्यांची सोय उघड आहे, पण आपल्या प्लगमध्ये ब्रिटिश प्लगसारखा फ्यूज नसतो. १६ अँपिअरच्या एमसीबीमागे (प्रवाह फार वाढल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचमागे) टेबललॅम्पची बारीक वायर लागली तर त्या वायरीचे रक्षण करणारे मधे काहीच उरत नाही. कुठल्याही देशाचा प्लग घेणारे एक्स्टेन्शन बोर्ड आणि पेनाने अर्थच्या भोकातला पडदा दाबून टू पिन घुसवण्याची सवय यांनीही हेच होते. जिने अडवायचे तीच पिन वाटेतून दूर केली जाते. लहान मुले असलेल्या घरात हे कधीही करू नये.

प्लग बरोबर बसला तरी सॉकेटमागची जोडणी बरोबर असल्याची हमी ही रचना देत नाही. अर्थ वर ठेवून समोरून पाहता फेज उजवीकडे हा नियम वायरमनने पाळला नसेल, तर स्विच बंद केल्यावरही उपकरणात फेज राहू शकतो.

रचनेची तत्त्वे : पहिले तत्त्व असे की, खुंटीने संपर्काच्या आधी निर्णय द्यावा. पिना टेकल्यानंतर खुंटी अडवू लागली तर तोवर ठिणगी पडून गेलेली असते. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत आलेला रेडिओ व्हॉल्व्हचा ऑक्टल पाया याचे नमुनेदार उदाहरण आहे. आठ पिना समान अंतरावर, म्हणजे ४५ अंशांवर, वर्तुळात आहेत. मध्ये बॅकेलाइटचा लांब खुंट आहे आणि त्याच्या अंगावर एक कणा आहे. व्हॉल्व्ह खाली न पाहता हाताने फिरवत राहायचा. कणा खाचेवर आला की तो आपोआप खाली उतरतो. खुंट पिनांपेक्षा लांब असल्याने त्याआधी एकही पिन टेकत नाही. हा खुंट मोडला की मात्र व्हॉल्व्ह आठही स्थितींत बसू शकतो, आणि जुने रेडिओ दुरुस्त करणारे त्याला फार जपतात ते त्यामुळेच.

विमाने व लष्करी सामग्रीतील गोल कनेक्टरांत हे तत्त्व कसोशीने पाळलेले दिसते. अमेरिकन ‘३८९९९’ मालिकेत कवचाच्या आत एक मुख्य व चार गौण खुंट्या असतात. त्यांचे कोन बदलून एकाच मापाचे सहा प्रकार होतात (एन, ए, बी, सी, डी, ई) आणि ते एकमेकांत बसत नाहीत. शेजारीशेजारी चार सारखे कनेक्टर असले तरी प्रत्येकाचा जोडीदार एकच राहतो. या मालिकेच्या बहुतेक उपप्रकारांत पिना कवचात खोल ठेवलेल्या असतात, त्यामुळे समोरचे कवच तिरपे आले तरी त्याची कड पिनांना लागत नाही.

दुसरे तत्त्व : विषमता हाताला जाणवण्याइतकी मोठी हवी. जवळजवळ सममित कनेक्टर माणूस जोर लावून बसवतो आणि प्लास्टिक दबते.

तिसरे तत्त्व एकतर्फी जुळणीचे. संगणकाची नेहमीची पॉवर केबल, म्हणजे ‘सी-१३’, ७० अंश सेल्सियस तापमानापर्यंतच्या कामासाठी असते. किटलीसारख्या तापणाऱ्या उपकरणाची ‘सी-१५’ केबल १२० अंशांपर्यंत. सी-१५ च्या तोंडाला एक जादा खाच असते व किटलीच्या बाजूला तसाच कंगोरा. त्यामुळे किटलीची केबल संगणकाला लागते, पण संगणकाची केबल किटलीला लागत नाही. अधिक सोसणाऱ्याला सगळीकडे प्रवेश आणि कमी सोसणाऱ्याला मज्जाव, हे केवळ एका लहानशा कंगोऱ्याने साधले आहे.

औद्योगिक प्लग : ‘आयईसी ६०३०९’ मानकात अर्थच्या पिनेची जागा घड्याळाच्या तासांनी सांगतात. सॉकेटच्या कवचावरची खाच सहाच्या जागी स्थिर असते. ११० व्होल्टच्या पिवळ्या सॉकेटमध्ये अर्थ चारवर, तर २३० च्या निळ्या व ४०० च्या लाल सॉकेटमध्ये सहावर येतो. शीत कंटेनरांचा प्लग लालच, पण त्याचा अर्थ तीनवर असतो. न्हावा शेव्याहून द्राक्षे घेऊन निघालेला कंटेनर जगातल्या कोणत्याही मोठ्या बंदरात वीज घेऊ शकतो तो या ठरावामुळे.

वैद्यकीय उपकरणे : अमेरिकेत १९८० व ९० च्या दशकांत रुग्णाच्या छातीवरील इलेक्ट्रोडच्या तारांची उघडी टोके चुकून विजेच्या चालू वायरीच्या तोंडात घातली गेली आणि लहान मुलांचे जीव गेले. तारेच्या टोकाची उघडी पिन त्या वायरीच्या भोकात नेमकी बसत होती. तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये नियम करून अशा उघड्या पिनांना मज्जाव केला. परिचारिकेने अधिक काळजी घ्यावी, असे सांगून हा प्रश्न सुटणारा नव्हता. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या ‘पोका-योके’ विचाराचे सारही हेच. आरंभी वापरात असलेल्या ‘बाका-योके’ या नावात काम करणाऱ्याला मूर्ख ठरवण्याचा भाव होता, म्हणून ते टाकून अनवधानाने होणारी चूक टाळणे या अर्थाचे नाव घेतले गेले.

अंतराळयाने : १७ नोव्हेंबर २०२० रोजी युरोपच्या व्हेगा अग्निबाणाचा वरचा टप्पा उड्डाणानंतर सुमारे आठ मिनिटांनी भरकटला व दोन उपग्रह गमावले. झोतनलिकेची दिशा बदलणाऱ्या यंत्रणेच्या केबलींची अदलाबदल झाली होती. २ जुलै २०१३ रोजी बायकोनूर येथे रशियाचा प्रोटॉन कोसळला, तेव्हा कोनीय वेग मोजणारे तीन संवेदक उलटे बसवल्याचे आढळले. ती विद्युत् जोडणी नव्हती, पण उदाहरण बोधक आहे. संवेदकांच्या बैठकीला चूक टाळणाऱ्या खुंट्या होत्या आणि जोर लावून बसवल्याच्या खुणा तपासात मिळाल्या.

संगणक : जुन्या ‘एटी’ संगणकांत मदरबोर्डला ‘पी-८’ व ‘पी-९’ असे सहा-सहा तारांचे दोन प्लग एकाच रांगेत लागत. प्रत्येक प्लग उलटा बसत नसे, पण दोघांची अदलाबदल होऊ शके व बोर्ड जळे. ‘काळ्याला काळी’, म्हणजे दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मधोमध, एवढाच आधार होता. १९९५ च्या ‘एटीएक्स’ मानकाने वीस तारांचा एकच प्लग आणून ही चूक अशक्य केली. त्यातली काही घरे चौकोनी, तर काही कडा छाटलेली असतात.

यूएसबी-सी (२०१४) मध्ये खाच-खुंटी मुद्दाम सोडून दिली आहे. २४ संपर्क असे मांडले आहेत की प्लग दोन्ही अंगांनी चालतो. प्लग कोणत्या अंगाने बसला आणि किती वीज द्यायची, हे ‘सीसी’ नावाच्या संपर्काला जोडलेल्या रोधावरून (रेझिस्टरवरून) ठरते आणि ते कळेपर्यंत सी-सॉकेट वीज सोडत नाही. म्हणजे आकाराचे काम एका रोधाकडे गेले. जुन्या यूएसबी-एपासून सीकडे जाणाऱ्या केबलीत हा रोध ५६ किलोओहमचा हवा. सुरुवातीच्या काही स्वस्त केबलींत तो १० किलोओहमचा होता. त्यामुळे फोनला समोर ३ अँपिअर उपलब्ध असल्याचा समज होई आणि जुन्या पोर्टवर झेपणार नाही इतका भार येई. बाहेरून पाहता या दोन केबलींत काहीच फरक दिसत नाही.