तेलाच्या खडकात कंदील चालत नाही

पडीक विहिरीत गडी उतरवण्याआधी आपल्याकडे पेटता कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. विझला, तर कोणी आत जायचं नाही. बीड-लातूरच्या काळ्या कातळात ती चालून जाते, कारण या खडकात तेल नाही. भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच, म्हणजे हाच काळा कातळ लागला; त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा खडक.

तेलाच्या थरात मात्र पेटणारा वायू असतो. तिथं कंदील सोडणं म्हणजे सुरुंगाला बत्ती देणं. ब्रह्मदेशातल्या येनानजाउंगच्या खोदणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तिथल्या तेलविहिरींचा हक्क २४ घराण्यांकडे वंशपरंपरेनं असे, आपल्याकडच्या वतनासारखा. दिवा नाही, म्हणून आरशानं ऊन आत पाडायचं. उतरणाऱ्याचे डोळे आधीच बांधून ठेवायचे, म्हणजे तळाशी पट्टी सोडली की लगेच दिसायला लागे. ही घाई कशासाठी? खोल विहिरीत त्या वायूत माणूस फार तर मिनिट-दोन मिनिटं तग धरी. चार घाव घातले की त्याला वर ओढत. तेल काढताना दोर ओढणारी माणसं उताराच्या वाटेनं पळत. आपली मोटेची धावच ती, फक्त बैलांच्या जागी माणसं. १९व्या शतकाच्या अखेरीस पाणबुड्यांचं हवेचं शिरस्त्राण आलं आणि विहिरी आणखी खोल गेल्या.

युरोपात फ्रान्सच्या पेशेलब्रॉनला १८व्या शतकापासून तेलकट वाळू खाणीतून काढत. पुढं बोअर आले, तरी पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथं पुन्हा खाणीच खणल्या. बोअरला न येणारं बरंच तेल वाळूत तसंच राहिलं होतं. रशियातल्या यारेगाचं तेल तर इतकं घट्ट, की बोअरमधून ते धड वर येईना. १९३९पासून तिथं खाणीत उतरून, बोगद्यांतून छिद्रं पाडून ते झिरपवतात. १९७०च्या दशकापासून वाफेनं तापवून.

तेलाशी संबंध नसलेल्या कामालाही हा वायू गाठतो. २४ जून १९७१ला कॅलिफोर्नियात सिल्मार इथं पाण्यासाठी खोदत असलेल्या बोगद्यात वायूचा स्फोट झाला. आत १८ जण होते, एकच वाचला. पुढच्याच वर्षी तिथं बोगद्यांसाठी कडक कायदा झाला. आता कंदिलाचं काम वायूमापक करतो, आणि वायूचं प्रमाण वाढलं की काम थांबवून माणसं बाहेर काढतात.