प्लास्टर, कास्ट आणि ‘कच्चं प्लास्टर’

‘प्लास्टर’ हा शब्द मुळात वैद्याचा, गवंड्याचा नव्हे. ग्रीक ‘एम्प्लास्त्रॉन’ म्हणजे अंगावर थापायचा लेप. लॅटिनमार्गे तो इंग्रजीत आला आणि भिंतीवर चढला तो पुढे मध्ययुगात. ब्रिटनमध्ये जखमेवरच्या चिकटपट्टीला आजही प्लास्टर म्हणतात, ते या जुन्या अर्थानंच. ‘ऑफ पॅरिस’ ही जोड पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीतल्या जिप्समच्या, म्हणजे ज्यापासून हे प्लास्टर होतं त्या खनिजाच्या, खाणींमुळे लागली.

मोडलेल्या हाडाभोवती पेटी ठेवून तिच्यात पातळ प्लास्टर ओतायची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होती. ते ओझं असं, की रोग्याला खाटेवरून हलता येत नसे. १८५१-५२ च्या सुमारास हार्लेममधल्या एका डच लष्करी सर्जननं सुती पट्ट्यांत कोरडी भुकटी चोळून ठेवायची आणि ऐनवेळी भिजवून गुंडाळायची, अशी पद्धत बसवली. क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जनांनीही प्लास्टरच्या पट्ट्या जखमी सैनिकांवर वापरल्या. अस्थिरोगशास्त्रात याइतकी साधी आणि याइतकी मोठी सुधारणा मला दुसरी दिसत नाही.

खरा घोळ आहे ‘कास्ट’चा. नॉर्स भाषेतल्या ‘फेकणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला, मग साच्यात धातू ओतण्याला लागला. अमेरिकेत हाडावरच्या प्लास्टरला कास्टच म्हणतात. पण ओतकामाच्या हिशोबानं पाहिलं, तर पायाभोवतीचं कवच हा साचा झाला, ओतीव वस्तू नव्हे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत हे डोळ्यांसमोर घडतं. तिथं पाय कापल्यावर उरलेल्या भागावर ओल्या पट्ट्या गुंडाळतात, घट्ट झाल्यावर पोकळ कवच अलगद काढतात आणि त्यात प्लास्टर ओतून त्या भागाची हुबेहूब प्रतिकृती मिळवतात. पोकळ ते ‘निगेटिव्ह कास्ट’, भरीव ते ‘पॉझिटिव्ह’. एकाच शब्दाला इथं साचा आणि वस्तू असे दोन्ही अर्थ पेलावे लागतात. त्यामानानं ब्रिटिशांचा ‘प्लास्टर’ मला नेमका वाटतो, आणि मराठीनं तोच उचलला.

आपल्याकडच्या दवाखान्यांत ‘स्लॅब’ही ऐकू येतो. हे अर्ध्या बाजूचं प्लास्टर. वरून साधी पट्टी बांधलेली असते, म्हणजे सुजेला जागा राहते. लोक त्याला ‘कच्चं प्लास्टर’ म्हणतात आणि त्या ‘कच्चं’मुळे ते हलकं घेतात. हे चुकीचं आहे. प्लास्टर कच्चं असो वा पक्कं, बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर तडक दवाखाना गाठायला हवा. शिवाय प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होत असलं, तरी पुरतं वाळायला एक ते तीन दिवस जातात. तोवर त्यावर भार टाकायचा नसतो.

१९७० च्या दशकापासून काचतंतू आणि राळेच्या पट्ट्या रुळल्या. त्यांत जिप्समचा कणही नसतो. तरी आपण त्याला ‘फायबरचं प्लास्टर’ म्हणतो.