१५४१ ड्राइव्ह डिस्क वाचत नाहीये? पाठवायच्या आधी हे करून बघा

कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर आणि त्याचा १५४१ हा फ्लॉपी डिस्कचा ड्राइव्ह, दोन्ही १९८२ सालचे, म्हणजे वस्तू आता चाळिशीची आहे. आमच्याकडे दुरुस्तीला "मेला" म्हणून येणारे बरेच ड्राइव्ह मेलेले नसतात, हेडवर (डिस्क वाचणाऱ्या भागावर) घाण असते नाहीतर केबल सैल असते, किंवा मग डिस्कच गेलेली असते.

आधी एक कळकळीची विनंती. डिस्क वाचली जात नसेल तर तीच परत परत टाकू नका, आणि "बघू दुसरी चालते का" म्हणून जपून ठेवलेली डिस्क तर अजिबात घालू नका. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या डिस्कना बुरशी धरते, मधलं भोक धरून डिस्क हळूहळू फिरवा आणि खिडकीतून दिसणारा भाग उजेडात तिरका धरून बघा, पांढुरके डाग दिसले की ती बाजूला ठेवा. अशी डिस्क आत गेली की बुरशी हेडवर बसते, मग तोच हेड पुढच्या चांगल्या डिस्कवर ओरखडे काढतो, आणि ओरखडा पडला की तिथला डेटा गेला तो गेलाच, तो आम्हालाही परत आणता येत नाही.

ड्राइव्ह अमेरिकेतून आणलेला असेल तर मागची पट्टी वाचा, तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर थेट लावला की फ्यूज उडतो, कधी ट्रान्सफॉर्मरही जातो.

आता टेस्ट. डिस्क काढून, कॉम्प्युटरची केबल न लावता नुसता ड्राइव्ह चालू करा. हिरवा दिवा लागला, लाल दिवा आणि मोटर साधारण सेकंदभर चालून बंद झाली, की आतला मेंदू ठीक आहे (या ड्राइव्हला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम आहे, तो खरं तर वेगळा कॉम्प्युटरच आहे). लाल दिवा विझतच नाही आणि मोटर थांबत नाही, तर चिपचं काम आहे, ते आमच्याकडे द्या. केबल मात्र दोन्ही मशीन बंद असतानाच लावा-काढा, चालू असताना काढली की दोन्हीकडच्या चिप जाऊ शकतात.

स्क्रीनवर "डिव्हाइस नॉट प्रेझेंट" आलं तर केबल बघा. लाल दिवा लुकलुकत असेल तर ड्राइव्ह काय म्हणतोय ते विचारता येतं, हे टाइप करून रन करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत):
१० ओपन १५,८,१५
२० इनपुट#१५,ए,बी$,सी,डी
३० प्रिंट ए,बी$,सी,डी
पहिला आकडा २६ आला तर डिस्कच्या खाचेवर चिकटपट्टी आहे, म्हणजे तिच्यावर लिहायला बंदी आहे, ७४ म्हणजे डिस्क नीट बसलेली नाही, आणि २० किंवा २१ आलं तर बहुतेक हेड. आणि हो, ५० केबीचा गेम लोड व्हायला दोन मिनिटं लागतातच, तो बिघाड नाही.

हेड घरी साफ करता येतो. प्लग भिंतीतून काढा, कारण आत मेन्सचा करंट असतो. कव्हर उघडा, हेड खालच्या बाजूला असतो आणि वरून फेल्टची छोटी गादी दाबते, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड हलक्या हाताने पुसा, गादीला लावू नका, आणि तो वरचा हात जास्त उचलू नका, स्प्रिंग वाकते. दहा मिनिटं वाळू द्या, मग चाचणीची डिस्क घाला. ती डबल डेन्सिटीचीच (या ड्राइव्हसाठीची साधी) हवी, १.२ एमबीवाली (हाय डेन्सिटी) इथे भरवशाची नाही.

फॉरमॅट करताना खडखड आवाज येतो तो नॉर्मल आहे, पहिला ट्रॅक सापडावा म्हणून हेड मुद्दाम बाहेरच्या अडणीवर आपटला जातो, पण वर्षानुवर्षं आपटून तो जागेवरून सरकतो. ओळखायचं कसं? कोरी डिस्क याच ड्राइव्हवर फॉरमॅट करा. ती मस्त वाचली जाते पण जुन्या डिस्क किंवा मित्राच्या डिस्क वाचत नाही, तर हेड सरकलाय. स्वतःचीही वाचत नसेल तर घाण किंवा स्पीड, डिस्क मिनिटाला ३०० फेरे फिरायला हवी. हेड सरकला असेल तर प्लीज स्क्रू ढिले करू नका, अंदाजाने हलवलेला हेड जागेवर आणायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो.

पाठवताना ड्राइव्हमध्ये डिस्क ठेवू नका, डिस्कच्या मापाचा पुठ्ठा घालून दार बंद करा म्हणजे हेड हादरणार नाही. कोणता नंबर आला आणि कोणती टेस्ट केली ते चिठ्ठीवर लिहा, आणि जपायच्या डिस्क असतील तर त्या वेगळ्या पाकिटात द्या, ड्राइव्हला हात लावायच्या आधी आम्ही त्यांची कॉपी काढून घेतो.