सॅलिनिटी तीच, पाणी निराळं

पाण्याचा खारेपणा, म्हणजे सॅलिनिटी, मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर दोन्हीकडे 10 पीपीटीच (हजार भागांत 10 भाग क्षार) दाखवतो. एक पाणी कोकणातल्या खाडीचं, गोड्या पाण्याने पातळ झालेलं. दुसरं हरियाणात रोहतककडच्या खाऱ्या बोअरवेलचं. तळ्यात पाळली जाणारी व्हेनामी जातीची कोळंबी पहिल्यात वाढते. दुसऱ्यात, काहीच न मिसळता सोडली, तर मरगळते आणि बऱ्याचदा मरते. खापर फुटतं ते कमी सॅलिनिटीवर, आणि इथेच गल्लत होते.

सॅलिनिटी म्हणजे क्षारांची एकूण बेरीज. त्यात कोणता क्षार किती, हे ती सांगत नाही. समुद्राचं पाणी पातळ झालं तरी क्षारांचं आपसातलं प्रमाण साधारण तेच राहतं: 10 पीपीटीला लिटरमागे पोटॅशियम सुमारे 107, मॅग्नेशियम 391, कॅल्शियम 116 मिलिग्रॅम. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात कॅल्शियम बहुधा भरपूर असतं, पोटॅशियम मात्र फारच कमी.

नुसती सॅलिनिटी कमी असेल तर कोळंबीची ऊर्जा खर्च होते. तिच्या रक्तातले क्षार साधारण 25 पीपीटीच्या पाण्याशी जुळतात. त्याखाली अंगात पाणी शिरतं, क्षार बाहेर जातात आणि कल्ल्यांना ते सतत आत ओढावे लागतात. त्यासाठी प्रथिनं जळतात, हेपॅटोपँक्रिआसमध्ये (यकृतासारख्या अवयवात) साठलेली चरबीही जळते. शिवाय कल्ल्यांच्या पेशींची आवरणं नीट राहायला ओमेगा-3 मेदाम्लं लागतात, म्हणून अशा तळ्यात खाद्याचा दर्जा जास्त महत्त्वाचा. वाढ मंदावू शकते, पण कोळंबी तगते.

पोटॅशियमच नसेल तर गोष्ट वेगळी. कल्ल्यांतला क्षार ओढणारा पंप सोडियम आणि पोटॅशियम या जोडीवर चालतो. खाद्यात कितीही तेल वाढवा, ही उणीव त्याने भरत नाही. उपाय पोटॅशचा: वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने अशाच पाण्यातल्या कोळंबीवर काम केलं आहे. एक हेक्टर, एक मीटर खोल तळ्यात पोटॅशियम लिटरमागे 50 मिलिग्रॅमने वाढवायचं तर म्युरिएट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड हे खत) जवळजवळ एक टन लागतं. म्हणून आधी लॅबमधून पाण्यातले क्षार वेगवेगळे तपासून घ्यावेत.

साधं मीठ टाकून सॅलिनिटी वाढवणं तर सर्वांत वाईट. आकडा चढतो, पण समुद्रात पोटॅशियमच्या सुमारे 28 पट असलेलं सोडियम इथे आणखीच वरचढ होतं.